फॉरमॅट मारण्याआधी तासभर दुरुस्तीला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईत वीज पुष्कळदा दोन-चार सेकंदांपुरतीच जाते. पंखा थांबायच्या आत दिवे परत लागतात, पण यूपीएस नसलेला कॉम्प्युटर तेवढ्यात बंद पडलेला असतो. नेमके त्याच वेळी विंडोजचे अपडेट चालू असेल तर एखादी सिस्टिम फाइल अर्धवट लिहिलेली राहते. मग स्टार्ट मेनू उघडत नाही, सेटिंग्ज उघडल्या उघडल्या मिटतात, नाहीतर निळा स्क्रीन येतो. दुकानात नेल्यावर उत्तर तयार असते, ‘विंडोज करप्ट झालंय, फॉरमॅट मारावं लागेल.’ फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणे. हे उत्तर फार घाईचे आहे. घरच्या कॉम्प्युटरवर त्याने होणारे नुकसान कोणी आधी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

फॉरमॅटच्या आधी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स तेवढे काढून घेतले जातात. सोसायटीच्या हिशेबाचा टॅलीचा डेटा या दोन फोल्डरांत असेलच असे नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये (इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरे दाखवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये) टाइप केलेल्या जुन्या मराठी पत्रांचे तर आणखी वाईट होते. फाइल शाबूत असते, पण फॉन्ट पुसला गेल्यामुळे ‘महाराष्ट्र’ लिहिले होते तिथे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. तो फॉन्ट परत मिळेपर्यंत ते पत्र वाचता येत नाही. म्हणून फॉरमॅट टाळता येत नसेल तरी विंडोज फोल्डरातले फॉन्ट्स हे फोल्डर आधी कॉपी करून ठेवावे.

विंडोजमध्ये दुरुस्तीची सोय आधीपासून आहे. सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरात विनएसएक्सएस नावाचा साठा असतो. त्यात सिस्टिम फाइलींच्या चांगल्या प्रती असतात. एसएफसी हे साधन चालू फाइली या साठ्याशी ताडून पाहते आणि बिघडलेली फाइल बदलते. पण साठाच बिघडला असेल तर एसएफसी हात टेकते. साठा दुरुस्त करायचे काम डीआयएसएमचे. म्हणून विंडोज १० आणि ११ वर आधी डीआयएसएम, मग एसएफसी, हाच क्रम ठेवावा. उलट क्रमाने करून ‘काही उपयोग नाही’ म्हणणारे पुष्कळ आहेत.

स्टार्टमध्ये सीएमडी (कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी) शोधा, त्यावर राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. इथे देवनागरीत लिहिले असले तरी आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची: डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ. प्रत्येक तिरक्या रेघेच्या आधी एक स्पेस, रेघेनंतर स्पेस नाही. रेघ प्रश्नचिन्हाच्या बटणावरची, एंटरजवळची उलटी नव्हे. निम्म्या चुका इथेच होतात. इंटरनेट चालू ठेवा, कारण चांगल्या फाइली विंडोज अपडेटकडून येतात. टक्केवारी वीसवर किंवा ६२.३ वर बराच वेळ अडकल्यासारखी दिसते. काम आत चालू असते, खिडकी बंद करू नका. हे संपल्यावर एसएफसी /स्कॅननाऊ. ‘स्कॅननाऊ’ हा सलग शब्द.

शेवटी येणारा संदेश नीट वाचा. काही बिघाड सापडला नाही, असे असेल तर दोष सिस्टिम फाइलींत नाही. ड्रायव्हर, रॅम किंवा डिस्ककडे वळा. सापडले आणि दुरुस्त केले, तर रीस्टार्ट करून एसएफसी पुन्हा एकदा चालवा. काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत असे आले, तर डीआयएसएम नीट पूर्ण झाले होते का ते पाहा. डीआयएसएमला फाइलींचा स्रोतच मिळाला नाही तर ०एक्स८००एफ०८१एफ ही एरर येते. त्या वेळी विंडोजची त्याच आवृत्तीची आयएसओ फाइल (इन्स्टॉल डिस्कची एका फाइलीतली प्रत) घेऊन तिच्यातला स्रोत दाखवावा लागतो.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी. डिस्कच मरायला टेकली असेल तर दुरुस्ती टिकत नाही, आज बदललेली फाइल आठवड्यात पुन्हा खराब होते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवते. निळ्या ‘गुड’ऐवजी पिवळे ‘कॉशन’ दिसले किंवा हार्ड डिस्क टकटक करू लागली, तर पहिले काम डेटा दुसऱ्या डिस्कवर काढणे. अशा डिस्कवर चेकडिस्क /आर ही विंडोजची डिस्क तपासायची आज्ञा चालवू नये. ते पृष्ठभागाचा प्रत्येक कोपरा वाचते, एक टीबीच्या डिस्कवर तासन्‌तास घेते, आणि थकलेली डिस्क त्यातच बसते. रॅमचा संशय असेल तर विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा. खराब रॅम चांगल्या फाइलीही चुकीच्या लिहिते.

विंडोज सुरूच होत नसेल तर दोन-तीनदा सुरू होता होता पॉवर बटण दाबून धरून बंद केल्यावर दुरुस्तीचा निळा मेनू येतो. तिथून कमांड प्रॉम्प्ट उघडता येतो, पण तिथे सी ड्राइव्हचे अक्षर डी किंवा ई झालेले असू शकते, ते आधी तपासावे. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते. कॉम्प्युटर चालू आहे तोवरच कागदावर उतरवून ठेवा.

एवढ्यानेही जमले नाही तर रिपेअर इन्स्टॉल. चालू विंडोजमध्येच आयएसओ उघडून सेटअप चालवायचे आणि ‘फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा’ हा पर्याय निवडायचा. आयएसओची भाषा आणि आवृत्ती (होम की प्रो) सध्याच्या विंडोजचीच हवी, नाहीतर तो पर्याय मिळत नाही. सी ड्राइव्हवर २० ते ३० जीबी मोकळी जागा ठेवा. सिस्टिम फाइली नव्या बसतात. टॅली, फॉन्ट, प्रिंटर जागेवर राहतात. ‘रीसेट धिस पीसी’ ही वेगळी गोष्ट आहे, त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडले तरी बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअर जातात.

फॉरमॅट खरोखरच करावे लागले तर मूळ विंडोज होम होते की प्रो, हे लिहून द्या. अस्सल विंडोज १० किंवा ११ चे लायसन्स मदरबोर्डशी जोडलेले असते आणि तीच आवृत्ती टाकल्यावर इंटरनेटवरून आपोआप चालू होते. होमच्या जागी प्रो टाकली की ते चालत नाही, आणि मग क्रॅक (लायसन्सला फसवणारी बेकायदा युक्ती) मारला जातो. विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, त्यामुळे नव्याने टाकायचेच असेल तर मशीन ११ साठी पात्र आहे का तेही विचारा.

ठाण्या-वाशीतल्या दुरुस्ती दुकानांना विनंती आहे की, फॉरमॅट सुचवण्याआधी डीआयएसएम आणि एसएफसी चालवून शेवटचा संदेश ग्राहकाला दाखवावा आणि डिस्कची तब्येत पावतीवर लिहून द्यावी. ग्राहकांनीही मशीन सोडताना एवढे मागून घ्यावे.

आपला,
एक संगणक तंत्रज्ञ, नेरूळ, नवी मुंबई