चहाच्या डब्यावरचे समाजकार्य

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत उंची चहाच्या नव्या दुकानांविषयी आणि या चहाच्या कंपन्या मळ्यांतील कामगारांसाठी करत असलेल्या कामाविषयी आलेला लेख वाचला. पुण्यात आमची चहाची पेढी आहे. आजोबांच्या काळापासून आम्ही ममरी (दाणेदार चहा) आणि डस्ट (बारीक भुकटी) यांची मिश्रणे करून विकत आलो आहोत आणि गेली बारा वर्षे दार्जिलिंगचा सुटा चहाही ठेवतो. लेख माहितीपूर्ण होता. परंतु कंपन्यांनी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला त्यात ‘समाजकार्य’ म्हटले आहे, ते विक्रेता म्हणून मला खटकले.

कामगारांना घरे, दवाखाना आणि पाळणाघर दिल्याबद्दल लेखात एका कंपनीचे कौतुक आहे. चहामळ्यात राहण्याची जागा, औषधोपचार आणि ठरावीक संख्येपुढे स्त्रिया कामाला असतील तर पाळणाघर पुरवणे ही मालकाची जबाबदारी असल्याचे 1951 च्या मळे कामगार कायद्यानेच ठरवून दिले होते. शिवाय मजुरी वाढवण्याची मागणी आली, की याच सोयींचे पैसे मजुरीत धरावेत, असे मालकांच्या संघटना आजवर सांगत आल्या आहेत. एकच खर्च वाटाघाटीत मजुरी म्हणून आणि डब्यावर दानधर्म म्हणून दाखवता येणार नाही. वेळेवर घरपट्टी भरली म्हणून आपण कोणी सत्काराची अपेक्षा धरत नाही.

खरोखर वेगळे काही घडले असेल, तर ते दार्जिलिंगमधील कर्सियांगजवळच्या मकाईबारीच्या मळ्यात. 1859 साली सुरू झालेला हा मळा चार पिढ्या बॅनर्जी कुटुंबाकडे होता. राजा बॅनर्जी यांनी तेथे रसायने बंद करून सेंद्रिय शेती आणली आणि मळ्याच्या हद्दीतील बराच मोठा भाग जंगल म्हणून राखला. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पैशाची व्यवस्था. फेअरट्रेडच्या, म्हणजे उत्पादकाला रास्त मोबदला मिळावा म्हणून आखलेल्या प्रमाणपत्राच्या, पद्धतीत चहाच्या किमतीव्यतिरिक्त ग्राहकाकडून जी जादा रक्कम येते, ती कशावर खर्च करायची हे कामगारांच्या समितीने ठरवायचे असते, आणि मकाईबारीच्या समितीत बहुसंख्य सभासद मळ्यातील स्त्रिया होत्या. गोबर गॅसची संयंत्रे आणि पाहुण्यांना घरी उतरवून घेण्याचा जोडधंदा असली कामे तेथे उभी राहिली. पाहुणा कामगार स्त्रीच्याच घरी उतरतो, तिच्या स्वयंपाकघरातले जेवतो आणि जाताना पैसे तिच्या हातात देतो. त्या बाईला कंपनीचे आभार मानावे लागत नाहीत, हे मला या व्यवस्थेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते.

अर्थात मकाईबारीचेही गोडवे गाऊन थांबता येत नाही. 2014 मध्ये तेथील ‘सिल्व्हर टिप्स इंपीरियल’ हा पौर्णिमेच्या रात्री खुडलेला चहा किलोला 1,850 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने एक लाख रुपयांहून अधिक भावाने विकला गेला आणि देशभर त्याची बातमी झाली. त्या काळात दार्जिलिंगच्या मळ्यांत दिवसाची मजुरी शंभर रुपयांच्या आसपास होती. एक किलो तयार चहासाठी सुमारे 20,000 कोंब हाताने खुडावे लागतात, असे सांगतात. इतका भाव मिळणारा चहा मूठभरच निघतो, हे मान्य आहे. तरीही ज्या बोटांच्या कौतुकाने जाहिरात भरलेली असते, त्या बोटांचा वाटा किती, हा प्रश्न उरतोच. त्याच वर्षी मळ्याची बहुतांश मालकी कोलकात्याच्या लक्ष्मी टी या कंपनीकडे गेली.

मग कामगारालाच मालक केले तर? तो प्रयोगही आपल्या देशात झाला आहे. 2005 मध्ये टाटा टीने केरळातील मुन्नारच्या बहुतेक मळ्यांमधून अंग काढून घेतले आणि कानन देवन हिल्स प्लांटेशन्स ही कंपनी उभी राहिली, तेव्हा बारा हजारांहून अधिक कर्मचारी तिचे भागधारक झाले. आपल्याकडील साखर कारखान्यांचा सभासद शेतकरी पाहिलेल्या वाचकाला ही कल्पना नवी वाटणार नाही, आणि पुढे काय झाले याचेही त्याला फारसे आश्चर्य वाटणार नाही. सप्टेंबर 2015 मध्ये बोनस 20 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर आणला गेला, तेव्हा याच ‘मालक’ स्त्रिया हजारोंच्या संख्येने मुन्नारच्या रस्त्यावर बसल्या. ‘पेंबिळै ओरुमै’, म्हणजे स्त्रियांची एकजूट, हे त्यांनी घेतलेले नाव. प्रस्थापित कामगार संघटनांच्या पुरुष पुढाऱ्यांनाही त्यांनी जवळ येऊ दिले नाही. बोनसची मागणी मान्य झाली आणि पुढे केरळात चहामळ्यांतील दिवसाची मजुरी 232 रुपयांवरून 301 रुपयांवर गेली. भागाचा कागद कपाटात असणे आणि बैठकीत आपला शब्द चालणे यांतले अंतर मला या एका घटनेने जितके कळले, तितके कोणत्याही अहवालाने कळले नसते.

दार्जिलिंगमध्ये आजही सर्वांत नाजूक प्रश्न घराचाच आहे. चार-पाच पिढ्या एकाच जागी राहिलेल्या कुटुंबाच्या नावावर ती जागा नसते, आणि घरातील कोणीतरी मळ्यात कामाला राहावे, नाही तर घर जाईल, ही टांगती तलवार कायम असते. पश्चिम बंगाल सरकारने 2023 मध्ये मळ्यांतील कुटुंबांना पाच डेसिमल जमिनीचे पट्टे देण्याचे ठरवले. पाच डेसिमल म्हणजे आपल्या भाषेत दोन गुंठे. डोंगरातील अनेक कामगारांनी त्याला विरोध केला, कारण पूर्वापार त्यांच्या वहिवाटीत असलेली जागा त्याहून अधिक आहे आणि त्यांना तीच हवी आहे. त्याच वर्षी तेथील दिवसाची मजुरी 250 रुपये ठरली. समाजकार्याचा डौल मिरवणाऱ्या एकाही डब्यावर या दोन गुंठ्यांविषयी एक ओळ मी अजून वाचलेली नाही.

मळेवाल्यांची बाजूही ऐकायला हवी. 2017 च्या गोरखालँड आंदोलनातील 104 दिवसांच्या बंदमध्ये दुसऱ्या बहराचे, म्हणजे मस्कटेल या सुवासिक चहाचे, ऐन पीक झाडावरच राहिले आणि परदेशातील जी गिऱ्हाइके तेव्हा गेली, त्यांतील पुष्कळशी परत आली नाहीत. 2016 मध्ये 80 लाख किलोच्या आसपास असलेले उत्पादन आता 60 लाखांच्याही खाली आले आहे. भारतात भौगोलिक निर्देशांक, म्हणजे विशिष्ट प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावू देणारी नोंद, सर्वांत आधी मिळाला तो दार्जिलिंगच्या चहाला, तरी त्या नावाखाली नेपाळचा स्वस्त चहा सर्रास खपतो. ज्याचा मळाच तोट्यात आहे, तो मजुरी कोठून वाढवणार, हा सवाल खोटा नाही. मात्र तोट्यातला मळेवाला सहसा डब्यावर हसरी बाई छापत नाही. ती छापतो मधला व्यापारी.

याचा अनुभव मला गेल्या दिवाळीत आला. भेटवस्तूंसाठी म्हणून एका व्यापाऱ्याकडून, ज्याचे नाव येथे घेत नाही, मी चाळीस डबे मागवले. डब्यावर पाठीला टोपली लावलेली स्त्री आणि खाली ‘प्रत्येक खरेदीतून कामगारांच्या मुलांच्या शिक्षणाला मदत’ असा मजकूर होता. आत पाने होती, पण त्यांत काड्या आणि चुराही बराच होता. मळा कोणता, बहर कोणता, मदत कोणत्या शाळेला आणि किती, असे मी फोनवर विचारले. पहिल्या खेपेस ‘कळवतो’ असे उत्तर आले, दुसऱ्या खेपेस ‘ते मार्केटिंगवाले पाहतात’ असे, आणि तिसऱ्या खेपेस फोन उचलला गेला नाही. डबे मी परत पाठवले. वाहतुकीचा खर्च माझ्या अंगावर पडला.

येत्या 21 मे रोजी, आंतरराष्ट्रीय चहा दिनाला, आपण पुन्हा पुरवणी काढाल. तेव्हा अशा कंपन्यांना आपल्या प्रतिनिधीने दोनच गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर छापावे, उत्तर मिळाले नाही तर तसे छापावे, अशी विनंती आहे: समाजकार्याची रक्कम कोण ठरवतो, आणि पाने खुडणाऱ्या बाईचे घर कोणाच्या नावावर आहे. आमच्या पेढीत सुट्या चहाच्या प्रत्येक बरणीवर मी मळ्याचे नाव, बहर आणि वर्ष लिहायला सुरुवात केली आहे. अकरा बरण्यांपैकी दोन बरण्यांवर अजून काहीच लिहिता आलेले नाही, आणि गिऱ्हाइकांना मी तसे सांगतो.

आपला नम्र,
एक चहाविक्रेता, पुणे