स्नायूचा आकडा आणि मशीनचा गेन

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोनोग्राफीच्या चित्रावरून संगणक स्नायूंचे आजार ओळखू लागला आहे, अशा आशयाचा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. मी क्ष-किरणतज्ज्ञ आहे. माझी बरीचशी कारकीर्द लहान मुलांच्या सोनोग्राफीत गेली. लेखातली मूळ गोष्ट खरी आहे, फक्त जी बाजू त्यात आली नाही तीच आमच्या टेबलावर रोज दिसते.

निरोगी स्नायू सोनोग्राफीत काळा दिसतो. मांडीवर प्रोब (ध्वनिलहरी सोडणारा आणि टिपणारा हातातला भाग) आडवा धरला की काळ्यावर बारीक पांढरे ठिपके आणि रेघा दिसतात. ती स्नायूच्या जुड्यांभोवतीची आवरणे. खाली मांडीच्या हाडाची ठसठशीत पांढरी कमान. ड्युशेन या मुलांमधल्या आनुवंशिक स्नायुक्षयासारख्या आजारात स्नायूचे तंतू मरत जातात आणि त्यांची जागा चरबी व तंतुमय ऊती घेतात. ध्वनिलहरी परतवणाऱ्या जागा वाढल्याने स्नायू पांढुरका, धुरकट होतो. लहरी वरच अडल्यामुळे हाडाची कमानही पुसट होत शेवटी दिसेनाशी होते. हेकमॅट, दुबोविट्झ आणि लीमन या संशोधकांनी हे १९८० मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये दाखवले होते. हेकमॅट यांच्या नावाची चार पायऱ्यांची मोजपट्टी (पहिली निरोगी, चौथीत हाडही दिसत नाही) आम्ही आजही वापरतो. चौथी पायरी कोणीही ओळखेल. वाद होतो तो पहिल्या आणि दुसऱ्या पायरीत, आणि आजार लवकर पकडायचा तर नेमके तिथेच.

म्हणून संगणक. स्नायूचा भाग आखून दिला की तो प्रत्येक पिक्सेलची करडी छटा ० (काळी) ते २५५ (पांढरी) मध्ये मोजतो, सरासरी काढतो आणि त्या वयाच्या निरोगी मुलांशी ताडून पाहतो. पांढरेपणा सगळीकडे सारखा पसरला आहे की मधूनमधून, हेही त्याला कळते. ड्युशेनमध्ये तो बहुधा एकसारखा असतो, मज्जातंतूंच्या आजारात ठिकठिकाणी. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, एमआरआयसाठी लहान मुलाला द्यावी लागते तशी गुंगीही नाही. मूल आईच्या मांडीवर बसलेले असताना काम होते.

आता गेन. मशीनवरचे हे बटण थोडे फिरवले की अख्खे चित्र उजळते. निरोगी मुलाची मांडी मी अर्ध्या मिनिटात ‘आजारी’ करून दाखवू शकते. प्रोब जरा तिरका झाला तर स्नायू काळवंडतो, दाबून धरला तर चपटा होतो आणि आकडा बदलतो. शिवाय हल्लीची मशीन चित्र देखणे दिसावे म्हणून स्वतःच त्यावर हात फिरवतात. डॉक्टर खूश, मोजमापाचे मात्र वाटोळे.

मध्यंतरी एक आई दोन रिपोर्ट घेऊन आल्या. तीन महिन्यांत मुलाच्या मांडीचा आकडा बराच चढला होता आणि त्या रडकुंडीला आल्या होत्या. मुलगा मात्र पूर्वीइतकाच चालत होता, जमिनीवरून उठायलाही तेवढाच वेळ घेत होता. चित्रांच्या कडेची बारीक अक्षरे वाचली, तर मशीन वेगळे, प्रोब वेगळा, गेनही वेगळा. त्या दोन आकड्यांची तुलना करण्यात काही अर्थच नव्हता. उलटेही घडते. ड्युशेनच्या मुलांना स्टिरॉइड द्यावी लागतात, त्याने वजन वाढते, कातडीखालच्या चरबीचा थर जाड होतो आणि लहरी वाटेतच क्षीण होतात. स्नायू प्रत्यक्षापेक्षा काळा, म्हणजे बरा, दिसू शकतो.

आमच्या व्यवसायबंधूंना माझे सांगणे आहे, की आकडा द्यायचा तर सोबत मशीन, प्रोब, गेन आणि चित्राची खोली (डेप्थ) लिहा. प्रोब कुठे ठेवला तेही लिहा. कमरेच्या हाडाचे पुढचे टोक आणि गुडघ्याची वाटी यांच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करायला कितीसा वेळ लागतो? निरोगी मुलांचे आकडे दुसऱ्याच मशीनवरचे असतील तर ‘सामान्यापेक्षा जास्त’ हा शेरा मारू नका.

पालकांनी पुढची तपासणी शक्यतो त्याच मशीनवर करून घ्यावी आणि सीडीवर मूळ डिजिटल फाइल मागून घ्यावी. छापील कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सॲपने पाठवून कोणी आकडा काढून देत असेल, तर त्यावर विसंबू नये. आणि मूल तीन वर्षांच्या आतले असेल, रक्तातले सीपीके (स्नायूला इजा झाली की वाढणारे विकर) हजारांत असेल, तर सोनोग्राफी चांगली आली म्हणून जनुकीय तपासणी पुढे ढकलू नये. या वयात ड्युशेनचा स्नायूही अनेकदा निरोगी दिसतो.

आपली,
एक क्ष-किरणतज्ज्ञ
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)