आगुंबेचे जंगल पायीच पाहावे

महोदय,

पावसाळा सुरू झाला की आपल्याकडची कितीतरी मंडळी आगुंबे गाठतात. घाटात गाडी थांबवायची, धबधब्यासमोर फोटो काढायचे आणि परत फिरायचे. वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस झेलणारे, कर्नाटकच्या शिवमोग्गा जिल्ह्यातले हे वर्षावन गाडीच्या काचेतून दिसायचे कसे?

टूर कंपनीच्या घोळक्यात न जाता, एक-दोघांनी वनखात्याची परवानगी काढून आणि गावातला वाटाड्या सोबत घेऊन चालावे. डबक्यावर झुकलेल्या पानाला पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटलेला दिसतो. ते बेडकाचे घरटे. अंड्यांतून निघालेली पिल्ले त्या फेसातून थेट खालच्या पाण्यात पडतात. शेजारून जीप गेली तर हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. जळवा पायाला चढतात हे खरे, पण मोज्यांवर तंबाखूचे पाणी मारले की निभावून जाते. पाचोळ्याच्या ढिगात मात्र काठी खुपसू नये. राजनागाची मादी पाने गोळा करून त्यातच अंडी घालते.

अडचण आहे ती माहितीची. कोणत्या वाटेला परवानगी लागते, ती कुठे मिळते, वाटाड्या कुणाला विचारायचा, हे स्वतंत्रपणे येणाऱ्याला पटकन कळत नाही. बसथांब्यावर कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत साधा फलक लावला तरी पुरे. मुसळधार पावसात ज्या वाटा बंद असतात, त्यांची नावेही त्यावर असावीत. आपल्या आंबोलीतही असा फलक हवा.

– एक वाचक, कोल्हापूर