पंखा घसरतो, बोट हलत नाही

संपादक महोदय,

देवबागला पर्यटकांसाठी माझी छोटी आउटबोर्ड (मागे बाहेरून इंजिन लावलेली) बोट आहे. गेल्या महिन्यात कर्ली नदीच्या मुखाशी, नेमकी लाट उभी राहते तिथंच, थ्रॉटल दिला की इंजिन किंचाळायचं आणि बोट जागची हलेना. आत सहा माणसं, त्यात दोन लहान पोरं. थ्रॉटल अगदी कमी ठेवून कसाबसा किनारा गाठला. मेकॅनिकने कार्ब्युरेटर खोलला, प्लग बदलले, पैसे घेतले; दोष तसाच.

शेवटी मीच बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) आतल्या नळीपासून बाहेरच्या कडेपर्यंत रंगाची सरळ रेघ ओढली आणि पूर्ण भाराने एक फेरी मारली. परत येऊन बघतो तर रेघेचे दोन तुकडे, एक इकडे, एक तिकडे! आतली नळी आणि पात्यांचा भाग जोडणारं मधलं रबरी बुश सुटलं होतं. पंखा खडकाला लागला तर धक्का सोसायला ते असतं. पण तेच घसरू लागलं की इंजिनची ताकद पात्यांपर्यंत पोचत नाही. इंजिनच कमजोर झालं असतं तर आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) चढला नसता. पात्यांना जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला नाही ना, तेही आधी बघावं.

हंगामाआधी लाइफ जॅकेटं मोजतात, मोजलीच पाहिजेत. त्याच वेळी प्रत्येक पंख्यावर ही रेघ ओढून तपासणी सक्तीची करावी, ही कळकळीची विनंती.

– एक बोटमालक, देवबाग, ता. मालवण