भिंतीवरचे एकेचाळीस पंजे

मोशी, टांझानिया
रविवार, दुपार

प्रिय सुमे,

‘जिवंत आहेस ना गं?’ हा तुझा तिसरा मेसेज आला तेव्हा मात्र लाज वाटली. जिवंत आहे. वजन दोन किलोनं उतरलंय, गुडघा जसाच्या तसा आहे. फोनवर लिहायला घेतलं की चार ओळींच्या पुढे अंगठा चालत नाही, म्हणून वहीची मधली पानं काढून लिहितेय. फोटो काढून पाठवते, चष्मा लावून वाच.

आधीच सांगते, मुलांची नावं लिहिणार नाही. इथे बालगृहात पाऊल टाकताच पहिल्यांदा त्यावरच सही घेतली : मुलांचं नाव, फोटो, कुणाचं काय झालं ते, काहीही बाहेर सांगायचं नाही. मला ते पटलं. म्हणून मी त्यांना माझीच नावं ठेवलीत. सगळ्यात धाकटा वाटाणा. तेरा वर्षांचा एक आहे, चहाच्या कपांपासून भांडणांपर्यंत सगळ्याचा निवाडा तोच करतो, तो तहसीलदार. आणि एक मिरची. तिच्याबद्दल वेगळं सांगायला नको, आपल्या वर्गात अशी एक दरवर्षी असायचीच.

सकाळी साडेपाचला खराट्याच्या आवाजानं जाग येते. अंगण मुलंच झाडतात. मातीवर खराट्याच्या रेघा अशा उमटतात की त्यावरून चालायला जीव होत नाही. त्या वेळी उत्तरेला किलिमांजारो स्वच्छ दिसतो, माथ्यावर बर्फ घेऊन. 5,895 मीटरचा डोंगर गं, आणि नऊ वाजले की ढगात असा गडप होतो की इथे डोंगर होता हे कुणाला शपथेवर सांगावं लागेल. मग उजी पितो, म्हणजे मक्याच्या पिठाची पातळ पेज, आपल्या आंबिलीची बिनताकाची बहीण. दुपारी उगाली, तीच पेज घट्ट शिजवून केलेला गोळा, आणि बरोबर महारागे नावाचा घेवडा नाहीतर मचिचा. मचिचा पहिल्यांदा ताटात आला तेव्हा मी ओरडलेच, अगं ही तर माठाची भाजी! लसूण नव्हता, पण माठच.

पहिल्या आठवड्यात मला मुलगा कोण, मुलगी कोण तेच कळेना. सरकारी शाळेत मुलींचेही केस बारीक कापलेले लागतात, त्यामुळे शनिवारी अंगणात रांग लागते आणि सगळी डोकी एकसारखी गुळगुळीत होतात. मिरचीला मी दोन दिवस ‘बाळा, पुढे ये’ म्हणत होते मुलगा समजून. ती आलीच नाही. आजही कधी उलट उत्तर द्यायचं असलं की त्याची आठवण करून देते.

मोठ्या माणसाला इथे ‘शिकामो’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ ‘पाय धरते’ असा सांगतात. आपण ‘माराहाबा’ म्हणायचं. सकाळी शाळेला निघताना बावीस पोरं ओळीनं शिकामो म्हणतात आणि मी दारात उभी राहून बावीस वेळा माराहाबा. मला ती ‘बिबी’ म्हणतात. इथे बिबी म्हणजे आजी. ह्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “आता काय बाकी राहिलं!” शिवाय भारतीय माणूस म्हणजे ‘म्हिंदी’ आणि मका म्हणजे ‘महिंदी’. संध्याकाळी चुलीवर कणसं भाजायला घेतली की वाटाणा धावत सांगायला येतो, बिबी, तुझे भाऊबंद भाजतायत.

आता कामाचं सांगते.

इथे प्राथमिक शाळेची सात वर्षं सगळं किस्वाहिलीत. सातवीची परीक्षा सप्टेंबरात होते, आणि जानेवारीत पोर ‘फॉर्म वन’ला, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्गात, जाऊन बसलं की सगळे विषय एकदम इंग्रजीत. मधले तीन-चार महिने मोकळे. ज्यांच्या घरी पैसा आहे ती मुलं या दिवसांत ‘प्री-फॉर्म वन’चे वर्ग लावतात. आपल्याकडच्या पाच जणांना ते कोण लावणार? ते काम माझ्याकडे आलं. शेजारपाजारची सहा येतात, अशी अकरा.

सुमे, मी येताना घाबरले होते. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेत मराठीतून शिकवलं, माझं इंग्रजी ते केवढं! दिलेल्या पुस्तकांचं कपाट उघडलं, तर सगळी परदेशातून आलेली, बर्फातल्या घसरगाड्यांच्या गोष्टींची. मग पहिल्या दिवशी फळ्यावर ‘न्यूमरेटर’ लिहिलं आणि वळून बघितलं, तर अकरा चेहरे असे झाले होते की माझ्या पोटात खड्डाच पडला. तो चेहरा मी ओळखते. तो आपला होता. अकरावी सायन्स, कराड, दुसरा बाक. ते सर ‘डिनॉमिनेटर’ म्हणत होते आणि मी तुला खालून विचारत होते, हे काय असतं गं? छेद मला येत होता, चांगला येत होता. पण छेद म्हणजेच ते, हे सांगायला कुणी नव्हतं. वर्षभरात मी आर्ट्सला गेले, आणि सगळे म्हणाले, हिला गणित झेपलं नाही.

म्हणून फळा पुसला आणि तहसीलदाराला विचारलं, तुमच्यात वरच्याला काय म्हणता? ‘कियासी’. खालच्याला? ‘असिली’. आधी ते लिहिलं, शेजारी इंग्रजी. आता रोज तसंच चालतं : त्यांचा शब्द आधी, इंग्रजी नंतर, आणि मला हवा म्हणून कोपऱ्यात मराठी. कोनाला ते ‘पेम्बे’ म्हणतात, म्हणजे शिंग. त्रिकोण ‘पेम्बेतातू’, तीन शिंगांचा. वाटाण्याला वर्गात यायची परवानगी नाही, तरी तो खिडकीतून बघून गेला आणि त्यानं तीन शिंगांचा बैल काढून आणला. भिंतीला लावलाय. ‘ट्रँगल’ विसरलं की पोरं त्याच्याकडे बघतात.

आणि किती शब्द आपलेच निघतात! गणित हे ‘हिसाबाती’, वही ‘दफ्तारी’, पैसा ‘पेसा’, गाडी ‘गारी’, पेरू ‘पेरा’. पाव म्हणजे ‘रोबो’, अर्धा ‘नुसू’, पाऊण ‘रोबो तातू’. बाजारात बाया रोबो किलो, नुसू किलो करत टोमॅटो विकतात, त्यामुळे मी अपूर्णांक बाजारातूनच सुरू केले. मला पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, अजून पाठ आहे हे कळल्यावर मिरचीनं परीक्षाच घेतली. सतरा पाव? मी म्हटलं, सव्वाचार. तिनं वहीत भागाकार करून पडताळून पाहिलं. माझ्यावर विश्वास ठेवत नाही ती, आणि ते बरंच आहे.

घड्याळानं मात्र पहिल्याच आठवड्यात फजिती केली. ‘सा म्बिली’, दोन वाजता शाळेच्या मास्तरांना भेटायला या, असा निरोप होता. मी दुपारी दोनला, इस्त्रीची साडी नेसून हजर. इथे तास उजाडल्यापासून मोजतात. त्यांचे दोन म्हणजे आपले सकाळचे आठ. मास्तर सहा तासांपूर्वीच वाट बघून वर्गावर गेले होते. तहसीलदार म्हणाला, “दिवस सुरू झाल्यावरच मोजायचं ना, बिबी? मध्यरात्री उठून कोण मोजतं?” काय बोलणार! आपलं पंचांगही वार सूर्योदयापासूनच धरतं.

स्वयंपाकघरातल्या मामाशी (इथे मामा म्हणजे आई, हेही एक) माझं जमतं. तिचा भाऊ बाबातीकडे शेती करतो, ‘म्बाझी’ लावतो. म्बाझी म्हणजे तूर. ती बहुतेक सगळी भारतातच जाते. 2017 साली भारतानं तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली आणि इकडे भाव कोसळले. तिनं कांदा चिरता चिरता मला सरळ विचारलं, “तुम्ही त्या वर्षी वरण खायचं बंद केलंत का?” त्या वर्षी आपल्याकडेच तूर उदंड झाली होती, आपल्या शेतकऱ्यालाही भाव नव्हता, हे मी मोडक्या भाषेत सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. ‘पोले’ म्हणाली. तुला ठेच लागली, तुझा भाव पडला, कुणी गेलं, सगळ्याला इथे पोले. आपल्याकडे असा एक शब्दच नाही बघ. आपण ‘अगं बाई’ म्हणतो आणि पुढे सल्ला देतो.

आता तुला जे फोनवर सांगितलं नाही ते. जेवणाच्या खोलीत एक भिंत आहे. आजवर जे कोणी शिकवायला, मदतीला आले, त्यांनी जाताना रंगात हात बुडवून पंजा उमटवायचा आणि खाली नाव लिहायचं. मी आले त्याच संध्याकाळी तहसीलदारानं विचारलं, “उनाओन्डोका लिनी?” मला वाटलं, नाव विचारतोय. कुणीतरी इंग्रजीत सांगितलं, ‘तू कधी जाणार?’ उद्धटपणा नव्हता गं त्यात. बसची वेळ विचारावी तसं.

गेल्या महिन्यात अपूर्णांकांची उदाहरणं तुम्हीच तयार करा म्हटलं. बाकीच्यांनी केळी, अंडी, भाकऱ्या वाटल्या. तहसीलदारानं भिंतीवरचे पंजे घेतले. एकूण 41. त्यातले तीन महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किती? त्याला तोंडपाठ होतं, भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. 6. म्हणजे सहा एकेचाळीसांश. मग त्यानं नियमाप्रमाणे संक्षिप्त रूप द्यायला घेतलं, दोननं बघितलं, तीननं बघितलं, आणि खडू खाली ठेवून म्हणाला, “बिबी, हा लहान होत नाही.” मी म्हटलं, बरोबर, एकेचाळीस मूळ संख्या आहे. गुणही दिले. काय करणार दुसरं?

त्याच आठवड्यात एक गट येऊन गेला, एका दुपारपुरता. चॉकलेटं, फुगे, कडेवर घेऊन फोटो. पोरांनी गाणं म्हटलं. दुसऱ्या दिवशी दोघांची पोटं दुखत होती आणि वाटाणा दिवसभर फाटकापाशी बसून होता. मला राग आला, आणि मग आठवलं की मीही विमानातून खडूचे रंगीत डबे आणि गोळ्याच आणल्या होत्या.

तेव्हापासून एक केलंय. इथे एक ताई आहे, एकवीस-बावीस वर्षांची, फॉर्म फोर झालेली. मुलांचे कपडे, औषधं, आंघोळी सगळं तीच बघते. ती माझ्या वर्गात मागे येऊन बसायची, हातात शिवण घेऊन. आता आठवड्यातले तीन दिवस खडू तिच्या हातात देते आणि शिवण मी घेते. सुरुवातीला फार लाजायची. परवा तिनं दशांश शिकवले, माझ्यापेक्षा चांगले, कारण मुलं तिला मधेच थांबवून विचारतात. मला विचारताना आधी वाक्य जुळवावं लागतं ना त्यांना. माझा परवाना जूनपर्यंतच आहे. तिला परवाना लागत नाही.

डिसेंबरात निम्मी मुलं गावी जातील. नाताळला इथले चागा लोक दार-ए-सलामहून, कुठून कुठून डोंगरउतारावरच्या आपापल्या केळीच्या बागेत परततात. आपल्या बऱ्याच पोरांनाही आजी, मावशी, कुणाला आईसुद्धा आहे. नसतं ते पोट भरायला. तहसीलदार जाणार नाही. त्यानं मला विचारलं, तू असशील ना? हो म्हटलं, आणि तारीख सांगितली. त्यानं ती वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली, खाली जागा सोडून.

पंजा उमटवायचं अजून कुणी मला म्हटलेलं नाही.

जावई वीस तारखेला पुण्याला येतोय. त्याच्याकडे एवढं दे : अकरा कंपासपेट्या (बारा दे, एक हरवणारच), उजळणीचं पुस्तक, त्यात पावकी-निमकी आहे का बघून घे, हल्ली छापत नाहीत, आणि तुझ्या हातचा गोडा मसाला. इथल्या तुरीचं वरण त्या मामाला एकदा खायला घालायचंय. आभाळ भरून आलंय, दोरीवर बावीस सदरे आहेत, आणि मिरची हाका मारतेय.

तुझी,
शकू