सूचना : मुक्कामी स्नोमोबाइल सफरीला निघण्याआधी

सदस्यांनो, ट्रेलची (स्नोमोबाइलच्या बर्फातल्या वाटेची) स्थिती रोज सकाळी नव्याने तपासा. कालच्या माहितीवर विसंबू नका.

दिवसा वितळून रात्री गोठलेला ट्रेल काचेसारखा टणक होतो. थंडावा देणारा सुटा बर्फ उडत नाही, त्यामुळे लिक्विड-कूल्ड (द्रवाने थंड होणारं) इंजिन तापतं, स्लायडर (ज्यांवरून ट्रॅक, म्हणजे गाडीचा फिरता पट्टा, घसरतो त्या प्लास्टिकच्या पट्ट्या) भराभर झिजतात. अशा वेळी स्क्रॅचर (टणक बर्फ खरवडून उडवणारे काटे) खाली सोडा आणि तापमानाच्या दिव्यावर लक्ष ठेवा. दिवा लागला की थांबाच.

गोठलेलं तळं शक्यतो टाळा. ओलांडावंच लागलं, तर स्वच्छ, पक्का बर्फ किमान १८ सेंमी हवा. पांढरट बर्फाची ताकद साधारण निम्मीच असते. तळ्यात प्रवाह येतो किंवा बाहेर पडतो त्या तोंडाशी तर जाऊच नका.

जादा ड्राइव्ह बेल्ट (इंजिनची ताकद ट्रॅककडे नेणारा पट्टा) प्रत्येकाकडे हवाच. रोजचा मार्ग घरी कळवून ठेवा.