सत्तूर थांबवल्याबद्दल

चाचा, सलाम.

सोलापुरात हाडावर कोरीवकाम करणाऱ्या आम्हा चार-सहा जणांचं हे पत्र. सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहिलंय, तुमचं नाव मात्र त्यात घातलेलं नाही.

तुमच्या मांसाच्या दुकानात मोठ्याच्या, म्हणजे म्हशीच्या, पायाची नळी, गुडघ्याखालची आणि खुराच्या वरची, तुम्ही सत्तुराने तोडत नाही. सांध्यात सुरी घालून ती अख्खी सोडवता आणि आमच्यासाठी बाजूला ठेवता. गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना जे एका घावात उरकतं, त्याला तुम्ही पाच मिनिटं देता. त्या पाच मिनिटांवर आमचं पुढचं दोन-अडीच महिन्यांचं काम उभं असतं. हे तुम्हाला एकदा नीट सांगायचं होतं.

सत्तूर पडला की हाडाचे नुसते दोन तुकडे होत नाहीत. हाडाची ठेवण बांबूसारखी, लांबीच्या दिशेने असते आणि घावाचा दणका त्याच दिशेने आत पळतो. केसाहून बारीक चीर पडते. ओल्या, चरबी भरलेल्या हाडात ती दिसत नाही, साफ करताना दिसत नाही, कापतानाही नाही. शेवटी 800 नंबरच्या पॉलिश पेपरवर तुकडा चमकायला लागला की एक करडी रेघ वर येते, तोवर त्यावर कित्येक दिवस हात फिरलेला असतो. पातळ सुपरग्लू चिरेत उतरतो खरा, पण रेघ राहतेच, आणि कंगव्याचा दात असेल तर तो तिथूनच मोडतो. म्हणून नवीन येणाऱ्याला आधी दोन परीक्षा शिकवतो. वाळलेला तुकडा दोन बोटांत सैल धरून चमच्याने टिचकी मारायची: अखंड असेल तर टण्ण वाजतो, चिरलेला असेल तर बद्द. मग त्यावर स्पिरिटचा बोळा फिरवायचा. स्पिरिट क्षणात उडतं, पण चीर असेल तिथे ओली रेघ थोडा वेळ टिकते. तुमच्याकडच्या नळ्यांवर ही रेघ क्वचितच दिसते.

पुढचा पाय आणि मागचा पाय वेगळे बांधून देता, त्याचेही आभार. पुढच्या पायाची नळी एका बाजूने सपाट असते, तिच्यातून पट्टी निघते: कंगवा, लोलक, पेटीवर बसवायचं नक्षीचं पान. मागच्या पायाची जास्त लांब आणि गोलसर चौकोनी, ती बांगडीच्या तुकड्यांना किंवा उभ्या छोट्या मूर्तीला बरी. वयस्क म्हशीची नळी जड लागते, तिची भिंत 8 ते 10 मिलिमीटरपर्यंत भरते. पारड्याची भिंत पातळ आणि सच्छिद्र, पॉलिश चढतच नाही. शेळी-मेंढीच्या नळीची भिंत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, त्यात सुई किंवा बटण होतं, कोरीव काम नाही.

हाड घरी आल्यावर काय करायचं हे खूप जण विचारतात, आणि बहुतेक हाडं इथेच वाया जातात. दोन्ही टोकांचे फुगीर गोळे करवतीने काढायचे, आत जाळीदार हाड असतं, ते कोरायच्या उपयोगाचं नाही. नळीतला मगज तारेने ढकलून काढायचा. मग पाण्यात मंद आचेवर दीड-दोन तास, उकळी फुटू द्यायची नाही. हाडाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिज असतो, बाकी मुख्यतः कोलॅजन आणि पाणी. खळखळून उकळलं की कोलॅजनचं जिलेटिन होऊन ते पाण्यात उतरतं. हाड वरून पांढरंशुभ्र दिसतं आणि करवत लावली की त्याचा खडूसारखा भुगा होतो. कुकरमध्ये शिट्ट्या काढणं म्हणजे हाड मारणंच.

त्यानंतर वरचा पडदा सुरीच्या पाठीने खरवडायचा आणि चरबी काढायला बसायचं. बसायचं म्हणजे खरंच बसायचं, तीन-चार आठवडे. दहा लिटरच्या बादलीत दोन नळ्या, भांडी घासायच्या लिक्विडचे चार चमचे, कोमट पाणी. दर तीन दिवसांनी पाणी बदलायचं. आपल्या गावात पाणी रोज येत नाही, त्यामुळे पाण्याच्या पाळीशी हे वेळापत्रक जुळवावं लागतं. वर तेलाचा तवंग यायचा थांबला की झालं. एप्रिल-मेमध्ये झाकणाची काळी बादली गच्चीवर ठेवली तर ऊनच पाणी कोमट ठेवतं. चरबी राहिली तर ती महिन्याभराने पिवळे डाग होऊन बाहेर येते, अगदी पॉलिश झाल्यावरही.

पांढरं करण्यासाठी औषधाच्या दुकानातलं 20 व्हॉल्यूम हायड्रोजन पेरॉक्साइड घ्यायचं. ते सुमारे 6 टक्के असतं, त्यात तेवढंच पाणी घालायचं. प्लास्टिकच्या डब्यात एक-दोन दिवस, हातमोजे घालून. झाकण घट्ट लावायचं नाही, आत ऑक्सिजन तयार होतो आणि डबा फुगून फुटू शकतो. फरशी पुसायचं ब्लीच कधीच वापरू नका. ते कोलॅजन खातं, आणि धुऊन टाकलं तरी आतलं खात राहतं.

वाळवणं म्हणजे सोलापुरात परीक्षाच. इथल्या कोरड्या वाऱ्यात हाड उन्हात ठेवलं तर बाहेरचा थर आधी आक्रसतो, आतला ओलाच असतो, आणि लांबीभर तडा जातो. तुम्ही एवढं जपून दिलेलं हाड आम्ही दुपारच्या उन्हात घालवलं, असं होऊ नये. जुन्या टर्किश टॉवेलमध्ये गुंडाळून, घरात, खिडकीपासून लांब, दोन ते तीन आठवडे. कुत्र्या-मांजरांपासून दूर, हे सांगायला नको.

मग बैठक. लोक याला ध्यान म्हणतात, आम्हीही म्हणतो, पण त्यात गूढ काही नाही. हाड घाईच करू देत नाही. मोटरचं हँडपीस जोरात फिरवलं की केस जळल्यासारखा वास येतो, कारण जळतं ते कोलॅजनच असतं, आणि त्या जागी पडलेला तपकिरी डाग बराच खोल घासल्याशिवाय जात नाही. म्हणून बहुतेक काम हाताने: सोनारी करवत, कानस, सुईकानशी आणि खरवडायला काटकोनात धरलेलं पोलादी पातं. तुकडा आधी दोन-तीन तास पाण्यात भिजवायचा, काम ओलंच करायचं. हाडाची धूळ फुफ्फुसात बसते, म्हणून ओलं काम आणि एन-95 मास्क, दोन्ही.

मास्कमुळे स्वतःचा श्वास ऐकू येतो, आणि त्याच लयीवर हात चालतो. कानशीचा दाब फक्त पुढे जाताना, मागे येताना ती उचलायची. श्वास सोडताना एक ओढ. काही वेळाने कान काम करायला लागतात: भरीव हाडावर कानस घट्ट, कोरडी वाजते. जाळीदार भाग जवळ आला की आवाज भुसभुशीत होतो, डोळ्यांना दिसायच्या आधी. तिथे थांबायचं. एका बैठकीला 40 मिनिटं पुरे. त्यापुढे बोटं दमतात, दाब नकळत वाढतो आणि पातं घसरतं. कधी कधी अख्ख्या बैठकीत नखाएवढ्या पानाची एक शीर होते. आम्हाला ते पुरेसं वाटतं.

पॉलिश 220, 400, 800, 1500 असं चढत, प्रत्येक वेळी आधीचे ओरखडे पूर्ण गेल्यावरच पुढचा पेपर. शेवटी ओल्या सुती कापडावर खडूची वस्त्रगाळ पूड, आणि वर मधमाशीच्या मेणाचा हलका हात.

तुम्ही पावतीवर ‘म्हैस’ असं स्पष्ट लिहून देता, त्याचं मोल वेगळंच. महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे हाड कुणाचं आणि कुठून आलं हे कागदावर असणं आम्हाला गरजेचं आहे. आणि जनावर डॉक्टरांनी तपासलेलं असतं, हे त्याहून मोठं. माळरानावर मेलेल्या जनावराचं हाड फुकट मिळतं म्हणून कुणी उचलू नये. ते फाशीने, म्हणजे अँथ्रॅक्सने, मेलेलं असलं तर त्याचे बीजाणू वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि साध्या उकळण्याने मरतील याची खात्री नसते. सोलापूरजवळच्या नान्नजकडे शेतात काळविटाचं शिंग दिसलं तरी हात लावायचा नाही, तो वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. हस्तिदंताचंही तेच. 1989 मध्ये साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराने त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आणली, आणि हस्तिदंतावर काम करणारे अनेक कारागीर उंटाच्या-म्हशीच्या हाडाकडे आणि लाकडाकडे वळले. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयातली सातवाहनकाळातली हस्तिदंती बाहुली आम्ही बघायला जातो, ती दागिन्यांची घडण समजून घ्यायला. तसं काम म्हशीच्या नळीत किती उतरतं हे बघणं हा आमचा अभ्यास आहे.

सोबत दाढीचा एक कंगवा पाठवतोय. पुढच्या पायाच्या सपाट बाजूचा, 35 मिलिमीटर रुंद, साडेतीन मिलिमीटर जाड, 11 दात. दात हाडाच्या लांबीतच कापलेत, आडवे कापले असते तर पहिल्याच आठवड्यात तुटले असते. मळला तर जुन्या ब्रशने साबणाच्या पाण्यात घासून लगेच पुसा, भिजत ठेवू नका, आणि चमक यावी म्हणून खोबरेल चोळू नका, ते मुरून पिवळं पडतं. मुठीकडे बारीक काळपट ठिपके आणि रेघा दिसतील. ते डाग नाहीत, जनावर जिवंत असताना तिथून रक्त वाहत होतं.

येत्या महिन्यात मागच्या पायाच्या दोन नळ्या मिळाल्या तर हव्या आहेत, जमेल तेव्हा. घाई अजिबात नाही.

तुमचे,
हाडकाम करणारे आम्ही सगळे
सोलापूर